नागपुरातील स्थानिक वृत्तपत्रांचा ऱ्हास : स्वरूप व परिणाम

वृत्तपत्रांच्या ऱ्हासाची चर्चा अलीकडे बहुधा पाश्चात्त्य देशांच्या अनुभवावरून केली जाते. अमेरिकेत २००५ ते २०२२ या काळात एकंदर वृत्तपत्रांपैकी चतुर्थांशाहून अधिक बंद पडली, आणि ज्या गावांत एकही पत्र उरले नाही अशा गावांचा अभ्यास करणारी एक स्वतंत्र शाखाच तेथे निर्माण झाली. भारताची स्थिती याहून वेगळी आहे. रॉबिन जेफ्री यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविल्याप्रमाणे आणीबाणीनंतरच्या दोन दशकांत भारतीय भाषांतील दैनिकांचा प्रसार अभूतपूर्व वेगाने झाला. नागपूरही त्यास अपवाद नव्हते. तेव्हा नागपुरात ऱ्हास झाला तो नेमका कशाचा, हा प्रश्न प्रथम निश्चित केला पाहिजे.

याचे उत्तर शोधताना 'स्थानिक वृत्त' आणि 'स्थानिक वृत्तपत्र' यांत भेद करणे आवश्यक आहे. एखाद्या गावाची बातमी छापली म्हणजे ते पत्र त्या गावाचे होत नाही. ज्या पत्राचा चालक, लेखक व वाचक एकाच समाजात वावरतात, आणि ज्याच्या द्वारे तो समाज स्वतःशी व बाहेरच्या सत्तेशी बोलतो, तेच खऱ्या अर्थाने स्थानिक होय. नागपुरात स्थानिक वृत्त वाढले. स्थानिक वृत्तपत्र मात्र क्षीण झाले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्यामुळे दुसरीकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

१

नागपूरच्या जुन्या पत्रांची नावे हा अभ्यासाचा उत्तम आरंभबिंदू आहे. कारण वृत्तपत्राचे नाव हे बहुधा त्याच्या वाचकाला दिलेले नाव असते. १९०७ साली निघालेल्या 'देशसेवका'ने आपल्या वाचकाला राष्ट्रकार्यात गोवले. त्याचे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा भोगावी लागली. १९११ साली भारत सेवक समाजाने 'हितवाद' हे इंग्रजी पत्र सुरू केले. त्याच्या नावात लोकहिताचा युक्तिवाद अभिप्रेत होता. १९१४ साली गोपाळ अनंत ओगले यांनी आपल्या साप्ताहिकाला 'महाराष्ट्र' हे नाव दिले. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाड या द्विभाषिक प्रांताची राजधानी होती आणि महाराष्ट्र नावाचे राज्य कोठेही अस्तित्वात नव्हते. अर्थात हे नाव वस्तुस्थितीचे वर्णन करीत नव्हते, तर एका भावी एकतेवर हक्क सांगत होते. या पत्राच्या संपादकवर्गात १९२४ पासून वीस वर्षे काम केलेले ग. त्र्यं. माडखोलकर हेच १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि त्याच संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी ठामपणे मांडली गेली, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या नावाचा पुढील इतिहास स्पष्ट होतो.

तथापि या पत्रांनी नागपूरच्या सर्व समाजाला वाणी दिली, असे मानणे चुकीचे ठरेल. याच शहरात किसन फागूजी बनसोडे (१८७९-१९४६) यांनी स्वतःचा छापखाना चालवून एकामागून एक चार पत्रे काढली : 'निराश्रित हिंद नागरिक' (१९१०), 'विटाळ विध्वंसक' (१९१३), 'मजूर पत्रिका' (१९१८) आणि 'चोखामेळा' (१९३१). डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईस निघाले. म्हणजे बनसोडे यांचा पहिला प्रयत्न त्याच्या दहा वर्षे आधीचा आहे. ज्या मनुष्याला गावच्या विहिरीवर जाता येत नव्हते त्याला १९१० मध्ये 'नागरिक' म्हणून संबोधणे, तेही 'निराश्रित' या विशेषणासह, यात त्याच्या वास्तव स्थितीचे व न्याय्य अधिकाराचे एकत्र कथन आहे. असे पत्र वेगळे काढावे लागले यावरूनच प्रस्थापित पत्रांतून हे कथन होत नव्हते, हेही सिद्ध होते.

२

बनसोडे यांची पत्रे अल्पायुषी ठरली. लहान पत्रांची मृत्युसंख्या त्या काळीही मोठीच होती. १९१० च्या मुद्रण कायद्यान्वये नव्या छापखान्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत तारण मागता येत असे आणि ते जप्त होण्याची टांगती तलवार कायम राही. वर्गणी थकत असे, कागद उधारीवर येत असे. परंतु एक पत्र बंद पडले की तोच मनुष्य किंवा त्याचा सहकारी नव्या नावाने दुसरे काढी. हाताने जुळविण्याचे खिळे आणि पायाने चालविण्याचे यंत्र एवढ्या सामग्रीवर हे शक्य होते. म्हणून ऱ्हासाचा विचार करताना किती पत्रे बंद पडली एवढेच मोजून भागत नाही. बंद पडलेल्यांच्या जागी नवी निघणे केव्हा व का थांबले, हे पाहिले पाहिजे.

या दृष्टीने तीन कारणे महत्त्वाची दिसतात. पहिले राजकीय होय. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरचे राजधानीपद गेले. तोपर्यंत येथील संपादक ज्या सरकारवर लिहीत असे ते त्याच्याच शहरात बसत असे. मंत्री त्याचा वाचक होता आणि सचिवालय त्याच्या वार्ताहराच्या पायाखालचे होते. राजधानी मुंबईस गेल्यावर निर्णयाचे केंद्र आठशे किलोमीटरांहून अधिक दूर गेले. १९५३ च्या नागपूर कराराने मान्य केलेले विधिमंडळाचे वार्षिक अधिवेशन ही त्याची अंशतः भरपाई होती. परंतु हिवाळ्यातील काही आठवड्यांचे सान्निध्य हे वर्षभराच्या पाठपुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरे कारण कायद्याच्या क्षेत्रातील आहे. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली किंमत व पृष्ठसंख्या यांचे प्रमाण ठरवून द्यावे, अशी शिफारस केली. मोठ्या भांडवलाच्या पत्राने अल्प किमतीत भरपूर पाने देऊन लहान पत्रास बाजारातून हुसकावू नये, हा त्यामागील हेतू होता. त्यानुसार १९५६ चा कायदा व १९६० चा आदेश निघाला. पुण्याच्या 'सकाळ'ने त्यास आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली हे निर्बंध अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत म्हणून रद्द केले. घटनेच्या दृष्टीने हा निर्णय मूलगामी होता, आणि शासनाच्या हाती पृष्ठसंख्येचे नियंत्रण देण्यातील धोका १९७५ च्या आणीबाणीने पुरेसा दाखवून दिला. मात्र लहान पत्रांच्या संरक्षणाचा जो प्रश्न आयोगाने उपस्थित केला होता तो या निर्णयाने सुटला नाही. केवळ त्यावरील एक उपाय बाद झाला.

तिसरे कारण तांत्रिक व आर्थिक आहे. ऑफसेट यंत्रे, दूरमुद्रण आणि संगणकीय जुळणी यांमुळे एकाच पत्राच्या अनेक आवृत्त्या काढणे सुलभ झाले. नागपुरात १५ डिसेंबर १९७१ रोजी दैनिक झालेले 'लोकमत' पुढे महाराष्ट्रभर पसरले. उलट पुण्या-मुंबईच्या पत्रांनी नागपुरात आवृत्त्या काढल्या. या स्पर्धेत यंत्रसामग्रीचा खर्च इतका वाढला की नव्याने पत्र काढणे हे शिक्षक, कामगार किंवा वकील यांच्या आवाक्यात राहिले नाही. 'तरुण भारत' व 'हितवाद' टिकून आहेत. परंतु 'महाराष्ट्र' बंद पडले, आणि शहराचेच नाव धारण करणारी 'नागपूर टाइम्स' व 'नागपूर पत्रिका' ही पत्रेही राहिली नाहीत. आज येथील प्रमुख मराठी दैनिकांपैकी एकाच्याही नावात नागपूर नाही.

३

या स्थित्यंतराचे समाजावर झालेले परिणाम पाहू गेल्यास प्रथम आवृत्तीपद्धतीचा विचार करावा लागतो. सेवंती निनान यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात हिंदी प्रदेशाविषयी दाखविले आहे की जिल्हावार पाने सुरू झाल्यावर खेड्यातील बातमी प्रथमच छापली जाऊ लागली, परंतु ती त्या जिल्ह्याबाहेर जाईनाशी झाली. विदर्भासही हे लागू पडते. गडचिरोलीच्या पानावरील तक्रार गडचिरोलीतच वाचली जाते. नागपूरच्या वाचकासमोर ती येईलच असे नाही, आणि मुंबईच्या मंत्र्यासमोर तर नाहीच. जुन्या साप्ताहिकाचा खप अल्प होता, पण त्याचा एकच अंक सर्वत्र जात असे. बातमी जवळ आली आणि तिचा प्रभाव आकुंचन पावला.

दुसरा परिणाम स्थानिक स्वराज्यावर होतो. अमेरिकेतील 'सिनसिनाटी पोस्ट' २००७ च्या अखेरीस बंद पडल्यावर ज्या उपनगरांत त्याचा प्रभाव होता तेथे उमेदवारांची संख्या घटली, पदावरील व्यक्तीच पुन्हा निवडून येण्याचे प्रमाण वाढले आणि मतदान कमी झाले, असे अभ्यासकांना आढळले. नागपूर महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर दीर्घ काळ तिचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. सभागृहात प्रश्न विचारणारा नगरसेवक नसताना प्रभागातील नळ, गटार व करआकारणी यांविषयी नियमित विचारणा करणारे दुसरे साधन वृत्तपत्र हेच असते. अशा काळात त्याचे बळ किती आहे, याची खरी परीक्षा होते. प्रभागवार वार्तांकन व मतदान यांचा संबंध तपासणे हा नागपूरच्या संशोधकांसाठी हाताशी असलेला विषय आहे.

एप्रिल २०२० मध्ये राज्य शासनाने साथीच्या कारणास्तव घरपोच वितरणास काही काळ मनाई केली, तेव्हा अनेक कुटुंबांची सवय मोडली आणि भ्रमणध्वनीवरील गटांनी ती जागा घेतली. स्वस्त साधनाने सामान्य मनुष्याला पुन्हा प्रकाशक केले, असे यावर म्हटले जाते. आणि त्यात तथ्य आहे. बनसोडे आज असते तर त्यांना खिळे जुळवावे लागले नसते. परंतु १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पत्रावर मुद्रणस्थळासह जबाबदार व्यक्तींची नावे छापणे बंधनकारक केले होते आणि पत्रनोंदणीची ही परंपरा १ मार्च २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यातही चालू आहे. चुकीच्या मजकुराबद्दल जाब विचारण्यास वाचकाला एक पत्ता असे. गटातून फिरणाऱ्या मजकुराला असा पत्ता नसतो, आणि त्याची संचिकाही राहत नाही.

संचिकेचा हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास विशेष जवळचा आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यात १९५६ साली वृत्तपत्रांचा समावेश झाला. पण त्यान्वये अंक पाठवावयाची ग्रंथालये कलकत्ता, मुंबई, मद्रास व दिल्ली येथील होती. नागपूरच्या पत्राचा अंक नागपुरात जपला जाईल, अशी तरतूद त्यात नव्हती. परिणामी मोठ्या पत्रांचे संच कार्यालयांतून व ग्रंथालयांतून पाहावयास मिळतात. 'मजूर पत्रिके'सारख्या पत्रांचे अंक मात्र दुर्मिळ आहेत. ज्या समाजाजवळ भांडवल नव्हते त्याचे पत्र आधी बंद पडले, आणि ज्याचे पत्र बंद पडले त्याचाच लेखी पुरावाही विरळ झाला. स्थानिक वृत्तपत्राच्या ऱ्हासाने झालेली ही हानी खपाच्या आकड्यांत दिसत नाही.

म्हणून नव्या पत्रांच्या भवितव्याची चर्चा चालू असताना जुन्या पत्रांचे सुटे अंक, जेथे असतील तेथून, मिळवून एकत्र करणे हे नागपूरच्या विद्यासंस्थांचे तातडीचे कर्तव्य ठरते. एखाद्या कुटुंबाच्या ट्रंकेत, वस्तीतील वाचनालयात, बंद छापखान्याच्या माळ्यावर असे अंक आजही असू शकतील. आणखी एका पिढीनंतर ते मिळतील याचा भरवसा नाही.