'खबर' आणि खिळे : औंध संस्थानातल्या एका साफसफाईचा इतिहास

औंध संस्थान म्हटले की लोकांना यमाईचा डोंगर, भवानी संग्रहालय आणि सूर्यनमस्काराचे व्रत घेतलेले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आठवतात. इतिहासाची थोडी गोडी असलेल्यांना १९३९ सालची औंधची राज्यघटनाही आठवते. त्या घटनेने राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली आणि तिच्या मसुद्याला गांधीजींचा सल्ला होता. पण याच संस्थानात आणखी एक काम झाले. त्याची नोंद मराठी मुसलमान वाचकाने मुद्दाम घ्यावी असे आम्हांस वाटते. ते काम म्हणजे छापलेल्या पानाची साफसफाई.

औंध हे सलग मुलखाचे राज्य नव्हते. सुमारे सत्तर-बहात्तर गावांचा हा पसारा विखुरलेला होता. खुद्द औंध आजच्या सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल हे भाग आज सांगली जिल्ह्यात येतात. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना याच राजाने कुंडलजवळचे माळरान दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर घडू लागले.

नांगर घडवणे सोपे, खपवणे अवघड. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्याची समजूत होती. शिवाय लाकडी नांगर गावचा सुतार दुरुस्त करी, हा नवा नांगर कोण करणार? फाळ कसा बसवायचा, खोली कशी धरायची, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगणे भाग होते. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले ते या गरजेतून. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. आरंभी ते कारखान्याच्या मालाची माहिती देणारे पत्रक होते. आजच्या भाषेत ज्याला यंत्रासोबतची माहितीपुस्तिका म्हणतात, तिचेच हे मराठी भावंड. पुढे त्यात कथा, लेख, चित्रे आली, १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही मासिके त्याच घरातून निघाली, आणि शेतकऱ्याला नांगर समजावणाऱ्या पानाने अख्ख्या मध्यमवर्गाला वाचायला लावले.

आता त्या काळच्या मराठी छापखान्याकडे पाहू. छपाई खिळ्यांची. जुळारी केससमोर उभा राहून एकेक खिळा उचलायचा आणि ओळ जुळवायचा. इंग्रजी जुळाऱ्याला मोठी-लहान अक्षरे, अंक आणि चिन्हे मिळून शे-दीडशे खिळ्यांत काम भागवता येई. मराठीला स्वर वेगळे, काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या, जोडाक्षरे वेगळी, त्यातही एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे निराळी. खिळ्यांची संख्या काही शेकड्यांवर जाई. केस मोठी, जुळणी संथ, चुका जास्त, खर्चही जास्त. टंकयंत्र आणि ओळ ओतणारी यंत्रे आली तेव्हा तर अडचण उघडीच पडली, कारण यंत्राला इतकी अक्षरे पेलवणारी नव्हती.

यावर अनेकांनी उपाय सुचवले. त्यातला गाजलेला उपाय 'अ'च्या बाराखडीचा. ओ, औ, अं ही अक्षरे आपण 'अ' वरच मात्रा आणि अनुस्वार देऊन लिहितो. मग इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांना स्वतंत्र आकार कशाला? अि, अी, अु, अू, अे, अै असे लिहावे, सहा खिळे वाचतील. रत्नागिरीत १९२४ ते १९३७ स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांनी लिपिशुद्धी म्हणून याचा जोरदार पुरस्कार केला. एकाखाली एक अक्षरे न रचता ती शेजारी शेजारी जोडावीत, हाही त्यांचा आग्रह होता. वर्धेच्या राष्ट्रभाषा प्रचाराच्या वर्तुळात, काकासाहेब कालेलकरांसारख्या गांधीवाद्यांनीही 'अ'ची बाराखडी उचलून धरली. म्हणजे राजकारणात ज्यांची तोंडे दोन दिशांना, ते खिळ्यांच्या प्रश्नावर एका बाजूला होते. 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' या मासिकांनी ही बाराखडी प्रत्यक्ष छापून दाखवली.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, म्हणून या बाराखडीकडे पाहताना एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटत नाही. उर्दूच्या पहिल्या कायद्यात मूल काय शिकते? अलिफवर ज़बर दिला की 'अ', खाली ज़ेर दिला की 'इ', वर पेश दिला की 'उ'. अलिफ तोच, फक्त खूण बदलते. 'अि' आणि 'अु' यांत तत्त्व तेच आहे. कोणी कोणाकडून घेतले असा दावा आम्ही करत नाही. गुजरातीतही ए-ऐ हे 'अ' वरच चढतात. एवढेच सांगायचे की जी रचना महाराष्ट्राला १९३० च्या दशकात क्रांतिकारक वाटली, ती मोहल्ल्यातल्या मदरशात चार-पाच वर्षांची पोरे पाटीवर रोज गिरवत होती.

इथवर सारे ठीक. पण त्याच काळात आणि बऱ्याच अंशी त्याच मंडळींकडून दुसरी एक साफसफाई चालू होती, ती भाषाशुद्धीची. अरबी, फारसी आणि इंग्रजीतून आलेले शब्द मराठीतून काढावेत आणि त्यांच्या जागी संस्कृतातून घडवलेले शब्द घालावेत, असा तिचा कार्यक्रम. तारीख जाऊन दिनांक यावा, नंबर जाऊन क्रमांक यावा. ही कल्पनाही नवी नव्हती. शिवाजी महाराजांच्या काळात सुमारे चौदाशे शब्दांचा राज्यव्यवहारकोश तयार झाला होता तो दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीच. तरी वकील, सरकार, हुकूम, जमीन, कायदा हे शब्द मराठीतून हलले नाहीत. कारण ते दरबारातून शिवारात उतरले होते. शिवारातून शब्द हुसकावणे हे कोणत्याही कोशाला जमत नाही.

या वादातले एक उदाहरण विसरता येत नाही. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, हे फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि मराठीच्या अंगात फारसी किती खोल मुरली आहे हे शब्दागणिक दाखवले. त्याच विद्वानाने १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून शुद्धीची बाजू घेतली. मराठीवरच्या या ऋणाचा हिशोब ज्याने सर्वांत चोख मांडला, तोच ते फेडून मोकळे व्हायला निघाला होता.

आणि 'किर्लोस्कर खबर'चे काय झाले? त्याच्या नावातला 'खबर' हा शब्द पुढे गळाला. मासिक नुसते 'किर्लोस्कर' झाले. खबर मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आलेला, मराठीत शतकानुशतके नांदलेला. 'खबरदार', 'खबर घेणे', 'बेखबर' ही त्याचीच लेकरे. नाव आटोपशीर झाले हे खरे. पण शेतकऱ्याला नांगराची पहिली खबर ज्या शब्दाने दिली तोच शब्द दारातून बाहेर गेला, हेही तितकेच खरे.

आमच्या मते इथेच दोन साफसफाया वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एक पानाची मांडणी साफ करते: खिळे कमी करते, ओळ मोकळी करते, वाचणाऱ्याचा आणि जुळाऱ्याचा त्रास वाचवते, आणि मजकुराला हात लावत नाही. दुसरी मांडणीच्या नावाखाली मजकुरात शिरते आणि कोण घरचा, कोण परका हे ठरवू लागते. दोघींच्या हातात झाडू एकच असतो, म्हणून गोंधळ होतो.

हा फरक फक्त लिपीपुरता नाही. संगणकाच्या जगात त्याचे फार चांगले उदाहरण आहे. युनिक्स या संगणक-प्रणालीचे पहिले माहितीपुस्तक केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी नोव्हेंबर १९७१ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत काढले. प्रत्येक आज्ञेला एक पान: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, आणि शेवटी त्या आज्ञेतल्या उणिवा. यांना मॅन पाने म्हणतात. मजकुरात ओळीच्या आरंभी टिंब देऊन खुणा लिहायच्या आणि त्या खुणा वाचून यंत्राने पान जुळवायचे, अशी पद्धत. जो ऑसाना या गृहस्थांनी १९७३ च्या सुमारास ट्रॉफ हा जुळणीचा प्रोग्राम लिहिला. जुळाऱ्याचे काम यंत्राकडे गेले ते असे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत या पानांसाठी खुणांचा एक ठरीव संच आला, आणि १९९० मध्ये जेम्स क्लार्क यांचा ग्रॉफ हा सर्वांना मोकळा असलेला अवतार आला.

पाने हजारो, लिहिणारे शेकडो, आणि प्रत्येकाची खुणांची सवय निराळी. म्हणून गेली कित्येक वर्षे जगभरचे स्वयंसेवक ही पाने साफ करत बसले आहेत. कुठे अक्षर जाड करायचे राहिले, कुठे मोकळी ओळ जास्त झाली, कुठे खूण उघडली पण मिटवली नाही. या कामाला नाव नाही, मान नाही. मात्र त्यात एक शिस्त आहे: मांडणीची दुरुस्ती वेगळी नोंदवायची, मजकुराची वेगळी. दोन्ही एकाच नोंदीत मिसळायच्या नाहीत. म्हणजे मागाहून कोणालाही पाहता येते की या दिवशी फक्त टिंबे हलली, शब्द एकही हलला नाही.

आणि तरीही चूक होते. आडव्या रेघेचेच पाहा. संगणकाच्या आज्ञेत ऋणचिन्हाची रेघ लागते, आणि शब्द जोडायला संयोगरेघ लागते. डोळ्यांना दोन्ही सारख्या. पण यंत्राला सारख्या नाहीत. ऋणचिन्ह हवे तर त्याआधी एक उलटी तिरपी रेघ लिहायची असते. ती राहिली की छापलेल्या पानावर काहीच बिघडलेले दिसत नाही, मात्र वाचकाने ती आज्ञा उचलून संगणकाला दिली की संगणक ती नाकारतो. २०२३ मध्ये ग्रॉफची १.२३ ही आवृत्ती आली तेव्हा हा प्रश्न पुन्हा तापला, आणि डेबियनसारख्या प्रणालीने वाचकाचा त्रास वाचवण्यासाठी दोन्ही रेघा एकच मानण्याची सोय आपल्याकडे ठेवली. मांडणी म्हणून केलेला बदल अर्थापर्यंत कसा पोहोचतो, हे एका रेघेने दाखवले.

उर्दूलाही हे अनुभव आहेत. १९७४ साली गोपीचंद नारंग यांच्या संपादनाखाली तरक़्क़ी-ए-उर्दू बोर्डाचा 'इमला-नामा' निघाला. 'भरोसा' सारखा देशी शब्द शेवटी हे देऊन नव्हे तर अलिफ देऊन लिहावा, जोडून लिहिले जाणारे शब्द सुटे करावेत, अशा त्याच्या शिफारशी होत्या. त्याने लेखन सुधारले, पण एकही शब्द तो देशी की विदेशी म्हणून घराबाहेर काढला नाही. पुढे १९८१ मध्ये लाहोरच्या 'जंग' दैनिकाने नूरी नस्तालीक़ वापरून संगणकावर जुळणी केली, आणि कातिबाच्या बोरूची जागा यंत्राने घेतली. १९९० च्या दशकात दिल्लीत तयार झालेले इनपेज महाराष्ट्रातल्या उर्दू शाळांपर्यंत आले. त्या काळच्या इनपेजच्या फायली युनिकोडमध्ये नव्हत्या. आज त्या बदलून घेताना ज़ेर-ज़बर सांडतात, शब्द एकमेकांना चिकटतात. प्रश्नपत्रिका आणि शाळेची स्मरणिका अशा किती फायली जुन्या संगणकांत पडून आहेत. त्या साफ करणे हे आमच्या पिढीच्या शिक्षकांचे काम आहे, आणि ते औंध संस्थानातल्या जुळाऱ्याच्या कामाच्याच जातीचे आहे.

'अ'ची बाराखडी टिकली नाही. शाळेच्या क्रमिक पुस्तकांनी ती कायमची स्वीकारली नाही, आणि पुढे संगणकाने खिळ्यांची अडचणच संपवली. युनिकोडमध्ये इ, ई, उ, ऊ सारे आपापल्या जागी सुखरूप आहेत. शेजारी शेजारी जोडलेली जोडाक्षरे मात्र छापील मराठीत बऱ्यापैकी रुळली, कारण ती वाचायला सोपी. भाषाशुद्धीचेही तसेच झाले. दिनांक आला, पण तारीख गेली नाही. क्रमांक आला, पण नंबर लोकांच्या तोंडी राहिला. १९४८ साली औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि 'संस्थान' हा शब्द सरकारदरबारी मागे पडला, पण 'सरकार' आणि 'दरबार' हे शब्द वापरल्याशिवाय हे वाक्यही आम्हांस लिहिता आले नाही.

हा इतिहास आम्ही मराठी मुसलमान वाचकापुढे ठेवतो तो एका चालू प्रश्नासाठी. आपल्यातले लेखक आज मराठीत लिहितात. त्यांच्या कथांत कोकणी मुसलमानांची बोली येते, मराठवाड्यातली दखनी येते, घरातले अम्मी-अब्बा, चचा-खाला येतात, वजू आणि सालन येते. मजकूर छापायला गेला की मुद्रितशोधक लेखणी सरसावतो. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले तर त्याचे उपकार मानावेत. पण त्याच हाताने 'खाला'ची मावशी झाली, 'सालन'ची आमटी झाली, तर ती मुद्रितदुरुस्ती राहत नाही. खालाची मावशी होताना नाते पुसले जात नसेल, पण घर पुसले जाते.

म्हणून संपादकांना आणि आपल्या लेखकांनाही आमची सूचना साधी आहे. मॅन पाने साफ करणाऱ्यांची शिस्त आपण घ्यावी. शुद्धलेखनाच्या खुणा एका रंगात करा, शब्दांतले बदल दुसऱ्या रंगात, आणि दुसऱ्या रंगाला लेखकाची मंजुरी घ्या. कागद थोडा जास्त लागेल, वेळही लागेल. पण कोणता बदल वाचकाच्या सोयीसाठी झाला आणि कोणता कोणाच्या आवडीसाठी, हे दोन्ही बाजूंना कळेल. 'किर्लोस्कर खबर'च्या वेळी अशा दोन रंगांची वही कोणी ठेवली असती, तर आज आपल्याला कारण शोधत बसावे लागले नसते. आपल्या शब्दांची वही मात्र अजून उघडीच आहे.