लहान मंडळीचा पाळक: जॉर्ज हर्बर्ट आणि बेमर्टन

चर्चचा इतिहास म्हटला की आपण लगेच पोप, राजे आणि फाटाफूट यांच्याकडे वळतो. आज आपण एका अगदी छोट्या चर्चकडे बघू. इंग्लंडमध्ये सॉल्झबरी शहराजवळ बेमर्टन नावाचं खेडं होतं. तिथे १६३० साली जॉर्ज हर्बर्ट पाळक म्हणून आला. केंब्रिज विद्यापीठाचा अधिकृत वक्ता, १६२४च्या पार्लमेंटचा सदस्य, सरदार घराण्यातला हा माणूस. अशा माणसाने खेड्यात यावं, याचं तेव्हाही नवल वाटत होतं. तो तिथे जेमतेम तीन वर्षं जगला. १६३३च्या मार्चमध्ये, चाळिशीच्या आतच, तो वारला.

हर्बर्टला आपण कवी म्हणून ओळखतो. पण आज आपल्याला हवं आहे त्याचं गद्य पुस्तक, ‘द कंट्री पार्सन’. ते १६५२ साली छापलं गेलं. त्यात खेड्यातल्या पाळकाने कसं वागावं, हे सांगितलं आहे. ध्यानात घ्या, हा स्वतःच्या कामाचा अहवाल नाही. आपल्याला कुठवर पोचायचं आहे, याची त्याने स्वतःसाठी आखलेली ती खूण आहे.

त्यातला एक मुद्दा आम्हाला फार मोलाचा वाटतो. पाळकाने आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, दुपारी, लोकांच्या घरी जावं, असं हर्बर्ट सांगतो. का? तर रविवारी माणसं चांगले कपडे घालून येतात आणि कपड्यांबरोबर चांगला चेहराही घालून येतात. माणूस खरा कसा आहे, हे कळतं तो कामात बुडालेला असताना. झोपडी कितीही गरिबाची असो, आत वाकून शिरावं लागो, वास येत असो, तरी पाळकाने जावं. त्याला थोडं वैद्यक, थोडा कायदाही यावा. आणि औषध शक्यतो परसातल्या वनस्पतींचं असावं.

आता हा नुसता दयाळूपणाचा उपदेश नाही, बरं का. यात ज्ञानाचा प्रश्न आहे. प्रवचन ‘माणसा’साठी असतं, दुःख मात्र ‘ह्या’ माणसाचं असतं. मराठीत आपण ‘माहीत असणं’ आणि ‘ओळखणं’ यांत फरक करतो. दुसरी गोष्ट उंबरठा ओलांडल्याशिवाय होत नाही.

पण मंडळी मोठी असेल तर? याचंही उदाहरण इतिहासात आहे. विणकरांच्या किडरमिन्स्टर गावात रिचर्ड बॅक्स्टरकडे ८०० कुटुंबं होती. त्याने काय केलं? सोमवार-मंगळवार राखून ठेवले. तो आणि त्याचा सहायक मिळून आठवड्याला १५-१६ कुटुंबांशी बोलत. गावातली कुटुंबं बॅक्स्टरकडे येत, बाहेरच्यांकडे सहायक जाई. हिशेब करून बघा: वर्षाला एका घराच्या वाट्याला एक भेट. बॅक्स्टरने १६५६ साली यावर पुस्तकही लिहिलं. हे काम थोर होतं, यात शंका नाही. पण ही भेट वेळापत्रकातली. घरात ताप आला त्या दिवशीची नव्हे.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये रविवारी चर्चला न येणाऱ्याला कायद्याने दंड होता. अशा वेळी दारात आलेला पाळक विचारपूस करायला आला आहे की पाळत ठेवायला, हे घरातल्यांना कसं कळावं? हर्बर्टचा पाळकही आळशांना आणि भांडखोरांना खडसावतोच. जवळीक ही सत्ताही असते. आमच्या मते फरक असा करावा: घरातल्याला ‘आज नको’ म्हणता येतं का? येत असेल तर ती काळजी. नसेल तर ती तपासणी.

आणखी एक. या आदर्शाखाली पुढे अनेक पाळक पिचून गेले, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. मात्र खुद्द हर्बर्टच्या हाताशी सहायक होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. हे काम एकट्याचं कधीच नव्हतं.

तेव्हा लहान मंडळी म्हणजे न वाढलेली मंडळी, असं मानायचं कारण नाही. तिथे अमकी बाई दोन रविवार दिसली नाही, हे कुणाच्या तरी लक्षात येऊ शकतं. येईलच असं नाही; पण येऊ शकतं. लक्षात आल्यावर सोमवारी तिच्या घरी कोण जाणार, हे मात्र त्या मंडळीनेच ठरवायचं असतं.