बेंच (माहिती तंत्रज्ञान उद्योग)

बेंच ही माहिती तंत्रज्ञान सेवा कंपन्यांमध्ये रूढ असलेली संज्ञा आहे. वेतनपटावर असलेला, परंतु ग्राहकाच्या कोणत्याही प्रकल्पावर नेमणूक नसलेला सल्लागार किंवा अभियंता ‘बेंचवर’ आहे, असे म्हणतात.

स्वरूप

कर्मचाऱ्यांच्या उपलब्ध वेळेपैकी जितक्या वेळेचे शुल्क ग्राहकाला आकारले जाते, त्या प्रमाणास ‘युटिलायझेशन’ म्हणतात. बेंच मोठा असल्यास हे प्रमाण घटते व नफा कमी होतो. तो फार लहान असल्यास नव्या प्रकल्पासाठी मनुष्यबळ तत्काळ उपलब्ध होत नाही. त्यामुळे काही कर्मचारी राखीव ठेवणे ही कंपनीचीच गरज असते.

कर्मचाऱ्यांवरील परिणाम

बेंचवरील कर्मचाऱ्याला वेतन मिळते. या काळात त्याने नवी कौशल्ये शिकणे आणि इतर प्रकल्पांसाठी अंतर्गत मुलाखती देणे अपेक्षित असते. प्रकल्प मिळणे मात्र ग्राहकांच्या मागणीवरही अवलंबून असते. बेंचचा काळ लांबल्यास पदोन्नती व नोकरीची शाश्वती धोक्यात येऊ शकते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जून २०२५ मध्ये लागू केलेल्या धोरणात वर्षाला किमान २२५ दिवस शुल्कपात्र काम आणि बेंचसाठी कमाल ३५ कामाचे दिवस अशी मर्यादा ठरवण्यात आली.

कायदेशीर तरतूद

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्या कर्मचाऱ्याला काम नाही म्हणून विनावेतन बसवून ठेवता येत नाही. १९९८ च्या कायद्यानुसार अशा काळातही ठरलेले वेतन देणे मालकावर बंधनकारक आहे.