बंद पेटाऱ्याची गाडी आणि तिचा धनी

घोडा पाठीवर जेवढें ओझें वाहतो, त्याच्या कितीतरी पट तो चाकांवर ओढूं शकतो, हें खेड्यांतल्या कोणत्याहि गाडीवानाला ठाऊक असतें. बैलगाडीचें सारें मर्म या एका अनुभवांत सांठविलेलें आहे. परंतु मोटार निघाली तेव्हां हें जुनें शहाणपण कांहीं काळ मागें पडलें. इंजिनाच्याच पाठीवर माल लादावयाचा, आणि माल वाढला कीं अधिक मोठी व अधिक महाग मोटार विकत घ्यावयाची, असा रिवाज पडूं लागला. हा रिवाज मोडण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं एका लोहाराकडे जातें. घोड्यांना नाल ठोकणें आणि गाड्या बांधणें हा त्याचा धंदा होता.

ऑगस्ट फ्रूहॉफ हें त्याचें नांव. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं त्याचा कारखाना होता. १९१४ सालीं सिब्ली नांवाचा लांकडाचा एक व्यापारी त्याच्याकडे आला. उन्हाळ्याच्या सुटींत आपली नाव दूरच्या सरोवरावर न्यावी, अशी त्याची इच्छा होती. त्याच्यापाशीं फोर्ड कंपनीची साधी मोटार होती. पण नाव कांहीं मोटारींत मावेना. फ्रूहॉफनें दोन चाकांची एक गाडी तयार केली आणि तिचें पुढचें टोंक मोटारीच्या मागल्या भागावर टेकवून जोडून दिलें. नाव सरोवरावर सुखरूप पोंचली. सिब्ली व्यापारी होता. नाव जर अशी ओढतां येते तर लांकूड कां ओढतां येऊं नये, हा विचार त्याच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. त्यानें आपल्या वखारीसाठीं तशीच गाडी बनवून मागितली. पुढें मागणी वाढत गेली आणि १९१८ सालीं फ्रूहॉफच्या नांवाची कंपनीच उभी राहिली.

या जोडगाडीला पुढचीं चाकें नसतात. तिच्या अंगाचा पुढचा भार ओढणाऱ्या मोटारीवर टेकलेला असतो. मागचा भार तिच्या स्वतःच्या चाकांवर पडतो. दोहोंच्या सांध्यावर जें फिरतें लोखंडी कडें असतें त्याला अमेरिकन गाडीवान ‘पांचवें चाक’ म्हणतात. हें नांवहि घोडागाडीकडूनच आलेलें आहे. चार चाकांच्या गाडीचा पुढचा आंस वळावा म्हणून त्यावर जें आडवें कडें बसवीत, त्यालाच तें मूळचें नांव होतें.

या सांध्यामुळें मालवाहतुकीचा हिशेबच पालटला. मोटारींत महाग वस्तु म्हणजे इंजिन. माल चढविण्यांत व उतरविण्यांत जो वेळ जातो, तेवढा वेळ तें महाग इंजिन आणि त्याचा चालक दोघेहि रिकामे उभे असतात. आतां एक जोडगाडी भरली जात आहे, दुसरी रस्त्यावर धांवत आहे आणि तिसरी रिकामी होत आहे, असें ठेवतां येऊं लागलें. स्वस्त पेटारा खोळंबला तरी चालेल, महाग इंजिन खोळंबतां कामा नये, हें या धंद्याचें मुख्य सूत्र ठरलें. अल्प भांडवलाच्या माणसाला याचा मोठाच आधार झाला. एक इंजिन घ्यावें, एक पेटारा घ्यावा, आणि हप्ते फिटत आले कीं दुसऱ्या पेटाऱ्याचा विचार करावा, अशा पायऱ्यांनीं तो वर चढूं शकत होता.

अर्थात् गाडी असून भागत नाहीं, रस्ता लागतो. भरीव रबराच्या धांवा लावलेल्या मालमोटारी त्या काळीं स्वतःचीं हाडें खिळखिळीं करून घेत आणि रस्तेहि उखडीत. १९१७ सालीं गुडइयर कंपनीनें हवेच्या टायरांवर एक मालमोटार ॲक्रन शहराहून बोस्टनपर्यंत नेऊन दाखविली. १९१६ आणि १९२१ सालच्या कायद्यांनीं अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें रस्तेबांधणीला पैसा पुरविण्यास आरंभ केला. मग जोडगाडी शहराची वेस ओलांडून रेल्वेशीं स्पर्धा करूं लागली.

लांकडाच्या ओंडक्यांना उघडी गाडी पुरते. कापड, जोडे, साखर, तंबाखू यांना ती पुरत नाहीं. पाऊस, धूळ आणि चोर हे तिन्ही मार्गस्थ मालाचे जुने शत्रू. आरंभीं ताडपत्री आली, मग लांकडी चौकटीवर पत्रा आला, आणि पुढें पोलादाचे व ॲल्युमिनियमचे पुरे बंद पेटारे आले. ॲल्युमिनियमच्या आवडीचें कारण केवळ चकाकी नव्हतें. गाडीचें एकूण वजन किती असावें याला कायद्याची मर्यादा होती. त्यामुळें पेटाऱ्याच्या अंगांतून जेवढें वजन कमी होईल, तेवढाच भाडें देणारा माल अधिक भरतां येई.

बंद पेटाऱ्यानें एक नवी जोखीमहि आणली. दाराला मोहोर लागली कीं आंत काय भरलें आहे हें गाडीवानाला दिसत नाहीं. मोहोर शाबूत आहे, एवढीच त्याची साक्ष. ती तुटलेली आढळली तर जाब त्याला द्यावयाचा. म्हणून पेटारा विकत घेणारा शहाणा मनुष्य आधीं दाराचीं बिजागरें पाहतो, आंत शिरून दार लावून घेतो आणि छतांतून उजेडाचा एखादा किरण येतो काय हें तपासतो. जेथून उजेड येतो तेथून पाऊसहि येतो, हें त्याला पक्कें ठाऊक असतें.

मांस, फळें, दूध यांची अडचण याहून मोठी होती. त्यांच्यासाठीं बर्फ भरून नेत. बर्फ वितळला कीं माल नासे. या प्रश्नाचें उत्तर फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स या निग्रो कारागिरानें शोधिलें. लहानपणींच पोरका झालेला, शाळा अर्धवट सुटलेला हा मनुष्य वाचनानें आणि हातानें यंत्रविद्या शिकला होता. १९३८ च्या सुमारास मिनिआपोलिस येथें त्यानें जोडगाडीला बसेल आणि रस्त्याचे धक्के सोसेल असें शीतयंत्र बनविलें. आरंभीं तें पेटाऱ्याच्या तळाशीं टांगीत. पुढें तें समोरच्या भिंतीवर वरच्या बाजूस बसवूं लागले. जोन्स १९६१ सालीं वारला; राष्ट्राचें तंत्रविद्येचें पदक त्याला १९९१ सालीं, मरणोत्तर, मिळालें.

पेटारा असा परिपूर्ण होत असतांना त्याच्या धन्यासमोर मात्र निराळीच भिंत उभी राहिली. १९३५ सालीं अमेरिकेंत मोटार-वाहतुकीचा कायदा झाला. एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत भाड्यानें माल नेण्यास परवाना लागूं लागला. कोणता माल, कोणत्या मार्गानें, कोणत्या दरानें न्यावयाचा, हें सारें बांधून दिलें गेलें. जुन्या वाहतूकदारांना परवाने सहज मिळाले. नवख्याला मात्र आपली गरज सिद्ध करावी लागे. शेतांतला कच्चा माल तेवढा या जाचांतून मोकळा होता. परिणाम असा झाला कीं मनुष्य इंजिनाचा धनी, पेटाऱ्याचा धनी, पण त्यांत माल भरण्याच्या हक्काचा मात्र धनी नाहीं. पुष्कळांनीं आपल्या गाड्या परवानाधारक कंपन्यांना भाड्यानें दिल्या आणि स्वतःच्याच गाडीवर चालक म्हणून बसले. परवाना ही स्वतंत्र मालमत्ता होऊन तिची खरेदीविक्री होऊं लागली. १९८० सालच्या कायद्यानें हीं बंधनें सैल झालीं. नवे लोक धंद्यांत आले, दर उतरले. पण त्याबरोबर गाडीवानाची मिळकतहि घसरली. हक्क मिळाला तेव्हां त्याची किंमत कमी झालेली होती.

तोंवर पेटाऱ्याचा इतिहास दुसऱ्याच वाटेला लागला होता. १९३४ सालीं उत्तर कॅरोलिनांत माल्कम मॅक्लीन या तरुणानें एका जुन्या ट्रकवर वाहतुकीचा धंदा सुरू केला. वीस वर्षांत तो देशांतील मोठ्या वाहतूकदारांपैकीं एक झाला. भरलेला पेटारा बंदरावर आणून हमालांकडून एकेक नग उतरवून जहाजांत चढवावयाचा, यांत त्याला सारा अपव्यय दिसला. त्यानें पेटाऱ्यालाच चाकांवरून सोडविलें. कीथ टॅन्टलिंगर या अभियंत्याच्या साह्यानें एकावर एक रचतां येतील असे मजबूत पेटारे तयार झाले. २६ एप्रिल १९५६ रोजीं ‘आयडियल एक्स’ हें जहाज असे ५८ पेटारे घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालें. सुटा माल जहाजांत चढविण्यास टनामागें सुमारें ५ डॉलर ८३ सेंट पडत. पेटाऱ्यांनीं तेंच काम १६ सेंटांच्या आंत होऊं लागलें. १९६८ सालीं पेटाऱ्यांचीं आंतरराष्ट्रीय मापें ठरूं लागलीं आणि वीस व चाळीस फुटांचे पेटारे जगभर फिरूं लागले.

त्या लाटेचें पाणी मुंबईलाहि लागलें. १९८९ सालीं खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथें नवें बंदर सुरू झालें आणि पेटाऱ्यांचा व्यापार हळूहळू तिकडे वळला. ज्या गोद्यांत पिढ्यान्‌पिढ्या पाठीवरून पोतीं उतरलीं, त्या शांत होत गेल्या. पाठीवरच्या ओझ्याचें दुःख ज्यांनीं पाहिलें आहे, ते या यंत्राला केवळ शिव्या देणार नाहींत. परंतु त्या ओझ्यावर ज्यांची चूल पेटत होती, त्यांना या सोयीची किंमत मोजावी लागली, हेंहि विसरतां येत नाहीं. महाराष्ट्रांत माथाडी कामगारांसाठीं १९६९ सालीं कायदा झाला, तो या वर्गाच्या कष्टांची जाणीव ठेवूनच.

१९१४ सालीं एक नाव पाण्यावरून चाकांवर आली. बेचाळीस वर्षांनीं चाकांवरचा पेटारा पाण्यावर गेला. या दोन प्रवासांच्या मधें लहान धन्याची सारी कहाणी आहे. फ्रूहॉफची कंपनीहि १९९६ सालीं दिवाळखोरींत गेली. आज बंदरावरून निघणारा पेटारा बहुधा एकाचा, त्याखालचीं चाकें दुसऱ्याचीं, इंजिन तिसऱ्याचें आणि आंतला माल चौथ्याचाच असतो. तरीहि हप्त्यानें घेतलेल्या गाडीचें दार स्वतःच्या हातानें लावून, कडी पुन्हा एकदां ओढून पाहणारा मनुष्य रस्त्यावर अजून दिसतो. धनीपणाचा अर्थ त्याला त्या कडीच्या आवाजांत कळतो, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत त्याची झोंपहि त्या कडीलाच अडकलेली असते.