एट्रियल फिब्रिलेशन : विजेच्या धक्क्यासाठी पॅडच्या जागा

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे (अलिंद) नुसते थरथरतात. ताल पूर्ववत करण्यासाठी रुग्णाला गुंगी देऊन, ठोक्याशी जुळवलेला डीसी धक्का देतात. ही पद्धत बर्नार्ड लाउन यांनी १९६२ मध्ये रूढ केली. वीज अलिंदांमधून जावी म्हणून ती देणाऱ्या पॅडची जागा महत्त्वाची. एका मांडणीत पॅड गळ्याच्या हाडाखाली उजवीकडे आणि डाव्या काखेखाली असतात. दुसरीत एक छातीवर, एक पाठीवर. २००२ च्या जर्मन अभ्यासात पाठीची मांडणी सरस ठरली (यश ९६ विरुद्ध ७८ टक्के). २०२१ च्या डॅनिश चाचणीत नेमके उलट: पहिल्या धक्क्यात काखेची मांडणी ५४ टक्के, तर पाठीची ३३ टक्के रुग्णांत यशस्वी ठरली. मात्र जुना अभ्यास विजेच्या एकदिशीय लहरींचा होता, आजची यंत्रे द्विदिशीय. त्यामुळे नवे आकडे अधिक लागू पडतात. एक मांडणी फसल्यास दुसरी करून पाहतात.