सुंभ आणि पीळ

आपल्याकडे एक म्हण आहे : सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. बहुतेक वेळा ती टोमणा म्हणूनच वापरली जाते. घरातली भांडी विकायची पाळी आली तरी ज्याची ऐट जात नाही, अशा माणसाकडे बोट दाखवून लोक ती म्हणतात. मला मात्र ही म्हण ऐकली की मिर्झा असदुल्लाखान गालिब आठवतो, आणि टोमण्यातला टोमणा कमी होतो. गालिबच्या शायरीविषयी आज बोलायचे नाही. ती सेतुमाधवराव पगडींसारख्या अभ्यासकांनी मराठीत आणली, पुढे रेडिओने आणि गायकांनी घराघरांत पोचवली. आज बोलायचे ते त्याच्या आयुष्यातल्या पाच-सहा वर्षांविषयी. १८५७ च्या मे महिन्यानंतर या माणसाने काय काय वाकवले आणि काय वाकू दिले नाही, एवढेच पाहू. त्याला मी एकेरीत संबोधतो आहे. तुकोबाला आपण तसेच संबोधतो, त्यातले प्रेम ऐकणाऱ्याला कळते.

त्याची ऐट आधीपासूनची होती. १८४२ साली दिल्ली कॉलेजात फारसीच्या अध्यापकाची जागा निघाली. पगार महिना शंभर रुपये. सरकारचे सचिव थॉमसन यांनी गालिबला भेटीला बोलावले. गालिब पालखीत बसून गेला, दारात पालखी थांबवली आणि साहेब बाहेर येऊन आपले स्वागत करतील म्हणून वाट पाहत बसला. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, दरबारी पाहुणे म्हणून याल तेव्हा स्वागत करू, आज तुम्ही नोकरीसाठी आला आहात. नोकरीने मान वाढेल म्हणून आलो होतो, आहे तो कमी व्हायचा असेल तर नको, असे सांगून गालिबने पालखी मागे फिरवली. घरी तेव्हा पैसा होता असे नाही. काकांच्या जहागिरीपोटी मिळणारे निवृत्तिवेतन वर्षाला साडेसातशे रुपये, म्हणजे महिन्याला बासष्ट रुपये आठ आणे. ते वाढवून मिळावे म्हणून थेट कलकत्त्यापर्यंत जाऊन तो हात हलवत परतला होता. डोक्यावर कर्ज, वर दारूचा नाद आणि जुगाराचा छंद.

त्या जुगारापायी १८४७ मध्ये त्याला कैद झाली. नातेवाइकांनी अंग काढून घेतले. एक माणूस तेवढा उभा राहिला : नवाब मुस्तफाखान शेफ्ता. स्वतः शायर, पण नेमधर्माने वागणारा. त्याने खटल्याचा खर्च केला आणि तो तुरुंगात भेटायला जात राहिला. गालिबवरचा आपला लोभ त्याच्या सोवळेपणासाठी कधीच नव्हता, हे त्याचे म्हणणे. शेफ्ताचे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

११ मे १८५७ ला मीरतचे शिपाई दिल्लीत शिरले तेव्हा गालिब साठीला टेकला होता. ऐकू कमी येत होते. बादशहा बहादूरशहा जफरचा तो उस्ताद होता, तैमूरच्या घराण्याचा इतिहास लिहिण्यासाठी किल्ल्यातून महिना पन्नास रुपये मिळत. त्याच वेळी इंग्रजांचे निवृत्तिवेतनही चालू होते. म्हणजे एक पाय किल्ल्यात आणि एक कंपनीच्या कचेरीत. चार महिन्यांनी, सप्टेंबरात, इंग्रजांनी शहर परत घेतले आणि दिल्लीवर जे कोसळले त्याला कत्तल हाच शब्द आहे. विद्वान कवी इमामबक्ष सहबाई मुलांसह मारले गेले. ‘देहली उर्दू अखबार’चे संपादक मौलवी मुहम्मद बाकर यांना मृत्युदंड झाला. फजले हक खैराबादींना पुढे अंदमानात पाठवले, १८६१ मध्ये ते तिथेच वारले. गालिबची रोजची उठबस होती ती हीच माणसे.

तो स्वतः वाचला तो निव्वळ पत्त्यामुळे. बल्लीमारानमध्ये तो राहत होता त्या गल्लीत पतियाळाच्या महाराजांच्या पदरी असलेल्या हकिमांची घरे होती. महाराज इंग्रजांच्या बाजूला. त्यांनी गल्लीच्या तोंडाशी आपले शिपाई उभे केले. आत माणसे जिवंत राहिली, पण बाहेर पडायची सोय नव्हती. पाणी संपले. पाऊस आला तेव्हा अंगणात चादर बांधून खाली मडकी ठेवली आणि पाणी धरले. पत्नी उमराव बेगमने दागिने विश्वासाच्या ठिकाणी म्हणून दुसरीकडे ठेवायला दिले होते, ते लुटले गेले. मग घरातले कपडे एकेक करून विकायला काढले. लोक भाकरी खातात, मी कपडे खातो, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. शिवाय पोरक्या झालेल्या, त्याने सांभाळायला घेतलेल्या दोन लहान मुलांना फळे हवीत, दूध हवे, मिठाई हवी.

या दिवसांत तो काय करत होता? शब्दकोश वाचत होता. ‘बुरहाने काते’ नावाचा फारसी कोश, दोनशे वर्षांपूर्वी आपल्याच दख्खनमध्ये, गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत तयार झालेला, त्या वेळी घरात हाताशी होता. बाहेर शहर जळते आहे, आणि हा म्हातारा समासात कोशकाराच्या चुका लिहितो आहे. या शब्दाची व्युत्पत्ती चूक, हा अर्थ बनावट, हे फारसी नव्हेच. मी जेव्हा जेव्हा हे वाचतो तेव्हा थोडे हसू येते आणि मग हसू थांबते. भाषा हीच ज्याची एकमेव इस्टेट, त्याने शेजारच्या घरांना आग लागलेली असताना आपल्या इस्टेटीच्या सीमा मोजाव्यात, यात वेडेपणा आहे तसा निर्धारही आहे. या टिपणांतून १८६२ मध्ये पुस्तक निघाले, ‘काते बुरहान’. विद्वानांनी त्याच्यावर झोड उठवली. शिवराळ उत्तरे छापली गेली, प्रकरण बदनामीच्या फिर्यादीपर्यंत गेले. गालिबने एक शब्द मागे घेतला नाही. कोशकारावरचे त्याचे काही आक्षेप टिकणारे नाहीत, असे फारसीचे जाणकार सांगतात, ते खरे असेल. पण इंग्रजांपुढे वाकलेला हा माणूस शब्दांच्या बाबतीत कोणाच्या बापाला भीक घालायला तयार नव्हता.

वाकला, हा शब्द मी जपून वापरत नाही. वाकला तो वाकलाच. ५ ऑक्टोबरला काही गोरे शिपाई भिंतीवरून गल्लीत उतरले आणि गालिबला, त्या दोन मुलांना आणि काही शेजाऱ्यांना कर्नल बर्नपुढे घेऊन गेले. तिथला किस्सा हालीने सांगितला आहे. हाली म्हणजे त्याचा शिष्य आणि चरित्रकार, त्याचे ‘यादगारे गालिब’ १८९७ चे. कर्नलने विचारले, तुम्ही मुसलमान? गालिब म्हणाला, अर्धा. म्हणजे काय? दारू पितो, डुक्कर खात नाही. कर्नल हसला आणि सगळे सुटले. हा किस्सा आपण चुटका म्हणून सांगतो, पण त्या दिवसांत त्या प्रश्नाचे उत्तर गळ्याशी येणारे होते. नुसते ‘हो’ म्हटले तर जीव धोक्यात. ‘नाही’ म्हटले तर जीव वाचेल, पण बाकीचे जाईल. गालिबने दोन्ही टाळून स्वतःविषयीचे खरे तेवढेच सांगितले. तो दारू पीत होताच आणि डुक्कर खात नव्हताच. किती टक्के मुसलमान, हा प्रश्न पुढेही विचारला जात राहिला. मराठीत कविता लिहिणाऱ्या मुसलमानाला तो दोन्हीकडून ऐकावा लागतो. एकीकडून विचारतात, घरीही मराठीच का? दुसरीकडून विचारतात, उर्दूत का नाही? असो.

दोन आठवड्यांनी त्याचा धाकटा भाऊ मिर्झा यूसुफ वारला. तो जवळजवळ तीस वर्षे वेडा होता आणि वेगळ्या घरी राहत होता. शहरात कफनाला कापड मिळेना, कबर खणणारा मिळेना. पतियाळाचा एक शिपाई आणि घरातले दोन नोकर यांनी जुन्या चादरीत गुंडाळून त्याला जवळच्या मशिदीत पुरले. आता इथे एक अवघड जागा येते. गालिबने लिहिले की भाऊ तापाने गेला. दुसऱ्या एका समकालीनाने लिहून ठेवले आहे की गोळ्यांचे आवाज ऐकून तो रस्त्यावर आला आणि इंग्रज शिपायांच्या गोळीने मेला.

तापाचे हे विधान ज्या पुस्तकात आहे ते ‘दस्तंबू’, म्हणजे फुलांचा गुच्छ. अरबी शब्द टाळून शुद्ध फारसीत लिहिलेली बंडाची हकीकत. नोव्हेंबर १८५८ मध्ये ते आग्र्याला छापले गेले. त्यात बंडवाले नीच, इंग्रज न्यायी आणि लेखक सगळा काळ घरातच बसून. किल्ल्यात जाऊन बादशहापुढे त्याने त्या महिन्यांत कविता वाचल्याच्या नोंदी आहेत, त्यांचा इथे पत्ता नाही. शेवटी राणी व्हिक्टोरियाकडे किताब, मानाची वस्त्रे आणि निवृत्तिवेतनाची मागणी. खास बांधणीच्या प्रती साहेबलोकांसाठी तयार करून घेतल्या. गालिबच्या भक्तांनी या पुस्तकाला नाना सबबी शोधल्या आहेत. मला त्याची गरज वाटत नाही. तो अर्ज आहे, आणि अर्जाची भाषा अर्जासारखीच आहे. भावाच्या मरणाचा खरा मजकूर त्या अर्जात बसत नसला तर तो तिथे आला नाही, हेही उघड आहे. त्याचे ओझे कोणी मोजायचे?

पण तोच माणूस त्याच वर्षांत मित्रांना उर्दूत पत्रे लिहीत होता. ती पुढे ‘ऊदे हिंदी’ आणि ‘उर्दूए मुअल्ला’ या नावांनी छापली गेली. या पत्रांत किताब नाहीत, पाल्हाळ नाही, समोर बसून बोलल्यासारखी भाषा आहे. अर्जात न लिहिलेले इथे सापडते. कुठली मशीद पाडली, कुठला बाजार सपाट केला, कुठल्या विहिरी खाऱ्या झाल्या, शहरात राहायला परवाना कसा लागतो, हिंदूंना आधी परत येऊ दिले आणि मुसलमानांना कसे ताटकळत ठेवले. पत्रे टपालात उघडली जातात याचा त्याला अंदाज होता, म्हणून काही गोष्टी तो सूचनेनेच सांगतो. मेलेल्या इंग्रज मित्रांसाठी तो रडतो आणि फासावर गेलेल्या हिंदुस्थानी मित्रांसाठीही. कोणाचे दुःख आधी, असा हिशेब तो करत नाही. ज्या मुन्शी हरगोपाल तफ्ताला यांतली कितीतरी पत्रे आहेत, तो त्याचा हिंदू शिष्य. उपासमारीत पैसे पाठवणारा तो, ‘दस्तंबू’ची छपाई पाहणारा तो. गल्लीत अडकलेल्या गालिबची दारूची तहान भागवली महेशदासाने, आणि याच महेशदासाने मुसलमानांना शहरात परत येऊ द्यावे म्हणून अधिकाऱ्यांकडे खटपट केली. ही नावे गालिबने आपल्या त्या अर्जवजा पुस्तकातही कृतज्ञतेने लिहिली आहेत.

आता शेफ्ता. बंडात सामील असल्याच्या आरोपावरून त्याला सात वर्षांची शिक्षा झाली होती. अपिलात तो सुटला. त्या वेळी, १८५९ च्या आरंभी, गालिबचे निवृत्तिवेतन बंद होते. बादशहाच्या नाण्यासाठी ओळी रचल्याचा संशय त्याच्यावर होता आणि त्या ओळी आपल्या नव्हेत हे दाखवायला तो वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्राचा अंक शोधत होता. अशा माणसाने बंडखोर ठरलेल्या, नुकत्याच सुटलेल्या कैद्यापासून दहा हात दूर राहणे शहाणपणाचे. गालिब बातमी कळताच डाकगाडीत बसला, मीरतला गेला, शेफ्ताला भेटला आणि काही दिवस राहून परतला. बारा वर्षांपूर्वी तुरुंगाच्या दारात कोण आले होते, हे तो विसरला नव्हता.

निवृत्तिवेतन मे १८६० मध्ये पुन्हा सुरू झाले, तीन वर्षांची थकबाकी दोन हजार दोनशे पन्नास रुपये मिळाली. ती बरीचशी सावकारांकडे गेली. दरबारातला मान आणि वस्त्रे यायला मार्च १८६३ उजाडले. त्याच्या चार महिने आधी, ७ नोव्हेंबर १८६२ ला, रंगूनच्या कैदेत बहादूरशहा वारला. दिल्लीत त्याचे नाव घेणे कोणालाच सोयीचे नव्हते. गालिबने मीर मेहदी मजरूहला लिहिलेल्या पत्रात ती बातमी एका वाक्यात दिली आहे : वार, हिजरी तारीख, इंग्रजी तारीख, मेलेल्या बादशहाचे सगळे नाव, आणि मृत्यूची वार्ता ऐकल्यावर मुसलमान म्हणतात ती प्रार्थना. एवढेच. ‘दस्तंबू’ची सगळी शुद्ध फारसी एका तागडीत आणि हे वाक्य दुसऱ्या तागडीत घातले तर कुठली बाजू खाली जाईल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. नक्की सांगता येत नाही. ‘दस्तंबू’ हलके नाही.

१५ फेब्रुवारी १८६९ ला गालिब वारला. जनाजा उचलायच्या वेळी एक सय्यदसाहेब पुढे आले आणि म्हणाले, मिर्झा शिया होते, आमच्या पद्धतीने विधी करू द्या. लोहारूच्या घराण्यातल्या नवाब जियाउद्दीनखानांनी नकार दिला, विधी सुन्नी पद्धतीने झाले. हाली तिथे हजर होता. दोघांनीही नमाज पढली असती तर बरे झाले असते, असे त्याने नंतर लिहिले. मग निजामुद्दीनला, लोहारूवाल्यांच्या कबरींच्या आवारात, त्याला पुरले.