चिपाडाची खेळणी

ज्वारीच्या वाळलेल्या ताटाची साल आणि आतला पांढरा, हलका गाभा, बहुतेक एवढ्यावरच मुलांनी हाताने केलेली खेळणी. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात ती रब्बी ज्वारीच्या पट्ट्यातली : जामखेड, कर्जत, श्रीगोंदा, पारनेर, पाथर्डी, शेवगाव. जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा डोंगराळ पश्चिम भाग भाताचा. तिथे मुलांच्या हाती चिपाडाऐवजी बांबू येतो.

रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. कणसे खुडून उरलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधतात, गंज रचतात, हा कडबा. दुष्काळी भागात कडब्याची पेंढी कोणी मुलांना खेळायला देत नाही, आणि ते बरोबरच आहे. खेळण्यांना लागते ते गुरांनी पाला खाऊन गव्हाणीत सोडलेले चिपाड, जे एरवी चुलीत जाते. मे महिन्याच्या सुटीपर्यंत ते खडखडीत वाळते. ओले ताट या कामाचे नाही : गाभा सुकताना आक्रसतो आणि सांधे ढिले पडतात.

दोन पेरांमधला तुकडा मोडून घ्यायचा, नखाने किंवा दाताने सालीचे टोक उचकटायचे आणि लांब पट्टी ओढायची. सालीला धार असते. ओठ चिरला की मूल आपोआप नखाकडे वळते. पट्ट्या म्हणजे दांड्या, गाभ्याचे तुकडे म्हणजे सांधे. डिंक, दोरा, कात्री काहीच लागत नाही. बैलगाडी करताना गाभ्याचे बोटभर लांबीचे दोन तुकडे समांतर धरून त्यांत चार-पाच पट्ट्या आडव्या खुपसतात, की चौकट तयार. चाकाला गाभ्याच्याच चकत्या, आसाला बाभळीचा काटा. बैल सोपा : गाभ्याच्या तुकड्याला सालीचे चार पाय आणि दोन शिंगे. चष्म्याला मात्र कसब लागते. पट्टी आतल्या बाजूने नखाने दाबत दाबत वाकवावी लागते, नाहीतर ती मधोमध मोडते. याशिवाय बाज, तराजू, झोपडी.

दांड्या-सांध्यांचा हाच खेळ विज्ञान शिकवतानाही वापरला गेला : विज्ञान-खेळण्यांसाठी ओळखले जाणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे त्यांनी काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने जोडून आकृत्या करायला सुरुवात केली. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतील विज्ञान केंद्रातून हे काम महाराष्ट्रभर पोहोचले. रचना चिपाडाच्या खेळण्यांचीच आहे, फक्त गाभ्याच्या जागी रबरी नळी. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चार काड्यांचा चौकोन कलंडतो, हे चिपाडाच्या झोपडीचे छप्पर उभारतानाही कळते.

चिपाड ज्या सुटीत हाती येते त्याच सुटीत शहरांत मुलांची शिबिरे भरतात. मुलांच्या उन्हाळी शिबिराची चाल अमेरिकेतली. कनेटिकटमधल्या फ्रेडरिक गन यांनी १८६१ मध्ये शाळेतल्या मुलांना नेलेले शिबिर तिथले पहिले मानतात. मनगटावरचे विणलेले दोरे, काड्यांच्या फुलीवर गुंडाळलेली रंगीत लोकर हे शिबिरातले प्रकार तिकडूनच आले. त्यातला दुसरा मूळचा मेक्सिकोतल्या हुइचोल लोकांच्या पूजेतला. आपल्याकडच्या शहरी शिबिरांतही आइस्क्रीमच्या काड्या, लोकर आणि मणी यांचे तयार संच वापरतात. त्याच दिवसांत जिल्ह्यात फुकट मिळणारे चिपाड त्या यादीत क्वचितच दिसते. ज्याला पाकीट नाही आणि किंमत नाही, ते हस्तकलेचे सामान वाटत नसावे.

चिपाड कमी होण्याची कारणे शेतातली आहेत. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाटपाण्यावर जिल्ह्याचा उत्तर भाग उसाचा झाला. दक्षिणेतही पाणी मिळेल तिथे ऊस आणि कांदा पुढे सरकला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६८) काढलेले फुले वसुधा, फुले रेवती यांसारखे रब्बी वाण धान्याबरोबर कडबाही देतात, पण आता ताट गव्हाणीत अखंड येतच नाही. कडबाकुट्टी यंत्र त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करते. त्यामुळे खेळण्यांसाठी ताटे हवी असतील तर ती कुट्टी होण्याआधीच बाजूला काढून माळ्यावर ठेवावी लागतात. नाहीतर पावसाळी हवेत गाभ्याला बुरशी धरते.